टीव्ही स्वच्छ दिसतो म्हणजे डिश ठीक असं नाही: सॅटेलाइट ब्रॉडबँड, अकरा महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात सलग सहा दिवस आमचं नेट बंद होतं आणि त्या सहाही दिवसांत टीव्ही एकदासुद्धा अडखळला नाही. डिश एकच, खांब एकच. तक्रारीसाठी फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "टीव्ही दिसतोय का?" दिसतोय म्हटलं की, "मग डिश ठीक आहे, मॅडम. तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम असेल." या एका वाक्यापायी माझे सहा दिवस गेले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे टीव्ही आणि नेट एकाच डिशवर आहे, त्यांनी तरी हे वाचावं.

स्पीड, प्लॅन वगैरे तुम्ही पाहिलेलं असेलच, त्यात शिरत नाही. आमच्याकडची मांडणी अशी: डिशच्या दांड्यावर दोन तोंडं. एक साधा टीव्हीचा एलएनबी (डिशवर आलेला सिग्नल पकडून केबलमध्ये देणारं तोंड), त्याची एक केबल सेट-टॉप बॉक्सला. शेजारी डेटाचं युनिट, त्यात घेणारा भागही आहे आणि पाठवणारा ट्रान्समीटरही. त्याच्या दोन केबल मोडेमला येतात, एक घेण्याची, एक पाठवण्याची. फायबर आमच्यापर्यंत येत नाही आणि मोबाइलला घरात रेंज नसते, त्यामुळे दुसरा पर्याय नाही. मी घरून नकाशे काढून पाठवते. माझं पोट अपलोडवर चालतं.

दुसऱ्या महिन्यात लिहायला बसले असते तर सगळा लेख लेटन्सीवर, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या उशिरावर, तक्रार करण्यात गेला असता. सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. माझी विनंती वर जाणार, खाली कंपनीच्या केंद्रात उतरणार, उत्तर पुन्हा वर जाऊन माझ्याकडे येणार, म्हणजे हे अंतर चार वेळा कापायचं. प्रकाशाच्या वेगानेही त्याला ४७७ मिलिसेकंद लागतात, यापेक्षा कमी कुणीच करून दाखवू शकत नाही. माझ्याकडे प्रत्यक्षात ६२० ते ६८० येतात. सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर मी सतत दुसऱ्याचं बोलणं तोडायचे. आता वाक्य संपल्यावर मनात एक अंक मोजून थांबते, आणि समोरच्यांनाही ते कळलंय. दोन महिन्यांत सवय झाली. लेटन्सीबद्दलची माझी तेव्हाची तक्रार मी पूर्ण मागे घेते.

फक्त ऑफिसच्या व्हीपीएनचं, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या गुप्त बोगद्यासारख्या जोडणीचं, तेवढं लक्षात ठेवा. एवढ्या उशिराच्या लाइनवर माल मिळाल्याची प्रत्येक पोच परत येईपर्यंत थांबत बसलं तर काम होणारच नाही, म्हणून मोडेम एक युक्ती करतो. कॉम्प्युटरने पाठवलेल्या पॅकेटची पोच तो घरातच देऊन टाकतो आणि पुढचा माल आपल्या पद्धतीने वर ढकलतो. पण व्हीपीएनमध्ये सगळं कुलूपबंद असतं. कुठलं पॅकेट कसलं, हे मोडेमला दिसत नाही, मग युक्तीही चालत नाही. तीच फाइल व्हीपीएनमधून पाठवली की माझ्याकडे तिप्पट वेळ लागतो. आता नकाशे मी व्हीपीएनबाहेर, ब्राउझरमधून चढवते, आणि ऑफिसने त्याला परवानगी दिली आहे.

पावसाबद्दलही मत बदललं. टीव्हीवाल्या डिशची आपल्याला सवय अशी की पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात आणि मग काळा पडदा. डेटाचं तसं नाही. डीव्हीबी-एस२ हे सॅटेलाइट प्रसारणाचं मानक २००५ मध्ये आलं तेव्हापासून त्यात अशी सोय आहे की सिग्नल खालावला तर तुमच्या पुरतं मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर डेटा चढवायची पद्धत, बदलायचं. उघड्या आकाशाला माझं मोडेम १६एपीएसके या दाट भरणाऱ्या पद्धतीवर असतं. पाऊस वाढला की क्यूपीएसके या विरळ पण दणकट पद्धतीवर उतरतं, आणि दोन्हीकडे कोडिंग ३/४ (चारातला एक भाग चुका दुरुस्त करायला) धरलं तर तेवढ्याच वेळात निम्माच डेटा मावतो. म्हणजे नेट तुटत नाही, मंदावतं. पहिल्या पावसात मला वाटलं कंपनीने मुद्दाम स्पीड कापला, आणि मी फोनवर बरंच बोलले. ते चुकीचं होतं. त्यानंतर मी वही घातली. मोडेमच्या पानावरचे दोन आकडे रोज सकाळी लिहायचे: घेण्याचा सिग्नल डीबीमध्ये (जास्त तेवढा चांगला), आणि पाठवण्याची पॉवर डीबीएममध्ये (उणे आकडा शून्याकडे सरकला की जोर वाढला).

ही वही नसती तर मागच्या आठवड्यात मी हरले असते.

चांगल्या दिवशी घेण्याचा आकडा १२च्या आसपास आणि पाठवण्याचा उणे २२. पावसात घेण्याचा ६-७ वर येतो आणि पाठवण्याचा उणे १७-१८ पर्यंत चढतो, कारण ढगातून पार व्हायला मोडेम जास्त जोर लावतं. पाऊस थांबला की दोन्ही आपापल्या जागी परत. आठ महिने हेच चाललं होतं. नवव्या महिन्यात एका मोठ्या पावसानंतर घेण्याचा आकडा १२वर परतला, पण पाठवण्याचा उणे १९वरच राहिला. पुढच्या पावसानंतर उणे १५. त्यानंतर उणे ११. मी दर वेळी आकडा लिहिला आणि वही मिटली. नेट चालू होतं, म्हणून त्या आकड्याचा अर्थ शोधला नाही. मोडेम मात्र रोज थोडा जास्त जोर लावून दोष झाकत होतं. मागच्या सोमवारी त्याचा जोर संपला.

त्या दिवशी घेण्याचा आकडा १२.१ होता. इतका चांगला आकडा आणि एक पान उघडत नाही. टीव्हीवर तर बातम्या अगदी लखलखीत.

या फरकाचं कारण समजून घ्या. टीव्हीला फक्त घ्यायचं असतं, तो वर काहीच पाठवत नाही. जुन्या दिवसांत सॅटेलाइट नेटसुद्धा असंच होतं. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक डीव्हीबी कार्ड होतं. डाउनलोड डिशवरून यायचं आणि अपलोड टेलिफोनच्या मोडेमवरून जायचं. टीव्हीच्याच प्रवाहात १८८ बाइटांची पाकिटं, ४ बाइटांचा पत्ता आणि १८४ बाइटांचा माल. एका पाकिटात कुठल्या तरी चॅनेलचं चित्र, पुढच्यात माझ्या ईमेलचा तुकडा. कार्ड पत्ता बघून आपलं तेवढं उचलायचं. तेव्हा "डिश ठीक आहे का" याचं उत्तर टीव्ही देऊ शकत होता. आता वर जाण्याची वाटही डिशवरूनच आहे, आणि तिच्याबद्दल टीव्हीला काहीही माहीत नसतं. दुरुस्तीला येणाऱ्यांचं शिक्षण अजून त्या जुन्या डिशवरच थांबलंय.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. वागायला चांगला होता, त्याच्यावर राग नाही. त्याने सिग्नल मीटर टीव्हीच्या केबलला लावला, मग डेटाच्या घेण्याच्या केबलला. दोन्हीकडे हिरवा दिवा. "ताई, सिग्नल फुल आहे." मी म्हटलं, पाठवण्याची केबल बघा. तो म्हणाला, "त्याला लावायचं मीटर आमच्याकडे नसतं." मी वही दाखवली. त्याने फोटो काढला आणि वरिष्ठांना पाठवला. तिकडून निरोप आला की मोडेम बदलून बघू, पण स्टॉक येईपर्यंत चार दिवस लागतील. मोडेमचा काही संबंध नाही हे वहीतल्या आकड्यांत स्पष्ट दिसत होतं. मोडेम बिघडलं असतं तर आकडा पावसागणिक पायऱ्या चढल्यासारखा वाढला नसता.

पाचव्या दिवशी मी स्वतः गच्चीवर गेले. मोडेमची वीज आधी बंद केली. हे केल्याशिवाय डेटाच्या युनिटजवळ जाऊ नका, चालू ट्रान्समीटरच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं आणि केबलमध्येही वीज असते. मग दोन्ही टोकांना दोन केबलींची अदलाबदल केली, पाठवण्याची घेण्याला आणि घेण्याची पाठवण्याला. वीज सुरू केली. पाठवण्याचा आकडा उणे २२वर आला, घेण्याचा १२वरून ९वर घसरला. दोष केबलीबरोबर जागा बदलून गेला. मोडेम ठीक, ट्रान्समीटर ठीक, केबल खराब. आणि नेट सुरू झालं.

पुन्हा वीज बंद करून त्या केबलचं गच्चीवरचं टोक उघडलं. डिशच्या केबलच्या टोकाला जो फिरवून बसवायचा एफ कनेक्टर असतो, त्याला वेगळी पिन नसते, केबलच्या मधली तांब्याची तारच पिन म्हणून आत जाते. ती तार टोकाला हिरवी झाली होती. भोवतीची जाळी, जी चांदीसारखी चमकायला हवी, ती पार काळी, आणि कनेक्टर उलटा केल्यावर त्यातून पाण्याचा थेंब माझ्या तळहातावर पडला. जाळीतून पाणी वातीसारखं शोषलं जातं. मी वरचं साल वीतभर चिरलं, तरी आत ओलच होती. टीव्हीच्या केबलला मात्र रबराची टोपी आहे, आणि युनिटखाली केबलला खालच्या बाजूला एक वळसा दिलेला आहे, म्हणजे पाणी ओघळून त्या वळशावरून टपकतं, कनेक्टरपर्यंत पोचत नाही. बसवणाऱ्याने टीव्हीला हे सगळं नीट केलं आणि डेटाच्या केबल दांड्यावरून सरळ खाली ओढून कनेक्टरात खुपसल्या. टोपी नाही, वळसा नाही, टेप नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

केबल बदलायला कंपनी सहाव्या दिवशी आली. त्या दिवसांचे पैसे परत मागितले तर उत्तर आलं की "सेवा उपलब्ध होती", कारण त्यांच्या पडद्यावर माझा घेण्याचा सिग्नल पूर्ण दिसत होता. मी वहीची पानं जोडून लेखी तक्रार दिली आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या सेवेत दोन वाटा आहेत, तिची तपासणी एकाच वाटेवर होऊ शकत नाही.

बाकी गोष्टी पटकन सांगते. विषुवदिनांच्या आसपास वर्षातून दोनदा काही दिवस सूर्य सॅटेलाइटच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं सेवा जाते. आमच्याकडे आधी एक जातं आणि पंधरावीस मिनिटांनी दुसरं, कारण टीव्हीचा आणि डेटाचा सॅटेलाइट वेगळा आहे. त्याने घाबरू नका. अपलोड सुरू व्हायला जरा वेळ लागतो, कारण मोडेमला आधी केंद्राकडे जागा मागावी लागते आणि त्या मागणीलाही वर जाऊन यावं लागतं. एकदा सुरू झालं की नीट चालतं. लहान लहान वीस फाइल पाठवण्यापेक्षा एक झिप करून पाठवा.

डेटाच्या मर्यादेने मात्र जीव खाल्लाय. घरात चार यंत्रं, प्रत्येकाचं तेच अपडेट चार वेळा उतरतं आणि चार वेळा मोजलं जातं. मी आता एका मशीनवर उतरवून बाकीच्यांना घरातल्या घरात वाटते. पण दर वेळी मनात येतं की वर फिरतंय ते मुळात प्रक्षेपणाचं साधन आहे. एकदा पाठवलं की त्या पट्ट्यातल्या प्रत्येक डिशवर पडतं, एक घर असो की लाख. टीव्ही ह्याच जोरावर उभा आहे. रात्री चॅनेलच्या प्रवाहात जागा असते तेव्हा सगळ्यांना लागणारी अपडेट फिरत ठेवली, चक्रासारखी, पुन्हा पुन्हा, आणि ज्याला हवी त्याने उचलली, तर कुणाच्याच कोट्यातून काही जायचं नाही. ही पद्धत डीव्हीबीत कधीची आहे, तिला कॅरोसेल म्हणतात, सेट-टॉप बॉक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर असंच येतं. आमच्या बॉक्सने परवा रात्री ते घेतलं, एक बाइटही न मोजता. त्याच डिशवरच्या मोडेमला हे का मिळू नये, हा प्रश्नही मी तक्रारीत जोडला आहे.

सेवा बंद करणार नाही. गेले चार दिवस पाठवण्याचा आकडा उणे २२ आहे. काल रात्री चांगला तीन तास पाऊस झाला, आज सकाळीही उणे २२च. नव्या केबलला टोपी आहे, वळसा मी उभं राहून करून घेतला, आणि वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. घेण्याच्या केबलचं गच्चीवरचं टोक मात्र अजून तसंच उघडं आहे. तिचा आकडा ठीक येतोय म्हणून त्यांनी हात लावला नाही. ते उद्या सकाळी मीच उघडणार आहे.