सीएनजीने खरंच पैसे वाचतात का? रत्नागिरीजवळच्या पावस गावचा दीड वर्षाचा अनुभव

गाडी कंपनी फिटेड सीएनजी हॅचबॅक, १२०० सीसीची. मॉडेल सांगत बसत नाही, या वर्गातल्या गाड्यांचा हिशोब जवळपास सारखाच येतो. लिहायचं निमित्त परवाची सर्व्हिस. "किलोला २५ किलोमीटरच्या वर जात नाही" ही तक्रार लिहून घ्या म्हटलं, तर सल्लागार म्हणतो, "सर, स्क्रीनवर २९ दाखवतंय की!" स्क्रीनवरचा आकडा हा गाडीचा अंदाज. मी पंपाच्या पावतीवर काढतो: सिलिंडर भरला की ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी जितके किलो बसले तितक्याने किलोमीटरला भागायचं. तेही चार-पाच भरण्यांची सरासरी घेऊन, कारण पंपावर प्रेशर कमी असलं की सिलिंडर अर्धवटच भरतो आणि एकाच भरण्याचा आकडा फसवा निघतो. बराच वेळ हुज्जत घातल्यावर तक्रार जॉबकार्डावर आली. एअर फिल्टर बदलला, प्लग साफ केले. २५ चे २५ च राहिले.

तेव्हा २५ च धरून हिशोब. पेट्रोल १०५ रुपये धरलं आणि आमच्या रस्त्यांवर लिटरला १८, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे. सीएनजी ९२ रुपये किलो धरला, म्हणजे ३ रुपये ६८ पैसे. किलोमीटरमागे २ रुपये १५ पैशांची बचत. मी घेतली तेव्हा त्याच गाडीच्या पेट्रोल आणि सीएनजीच्या किमतीत ९५ हजारांचा फरक होता. तो भरून निघायला ४४ हजार किलोमीटर हवेत. माझं महिन्याचं धावणं साधारण ८००, म्हणजे साडेचार वर्षं.

साखरप्याचा माझा मावसभाऊ आंबा घाटातून कोल्हापूरला सारखा ये-जा करतो, महिन्याला अडीच हजार सहज होतात. त्याचे पैसे दीड वर्षात वसूल. गाडी तीच, गॅस तोच.

आता मुख्य दुखणं: पंप. आमच्या घरापासून सर्वांत जवळचा सीएनजी पंप भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत, १८ किलोमीटरवर. सिलिंडरमध्ये ८ किलो बसतात, म्हणजे २०० किलोमीटर. त्यासाठी मुद्दाम गेलो तर जाऊन-येऊन ३६ गेले, हाती उरले १६४. भरायला ७३६ रुपये पडले ते या १६४ वर वाटले की किलोमीटरचा खर्च ४ रुपये ४९ पैशांवर जातो. बचत उरते १ रुपया ३४ पैसे आणि ४४ हजारांचे जवळपास ७१ हजार किलोमीटर होतात. माझ्या धावण्याला सात वर्षांहून जास्त! शोरूममध्ये रंग, हप्ता, एक्स्टेंडेड वॉरंटी सगळं विचारलं गेलं, पंप किती लांब हे कोणी विचारलं नाही. माझ्या मते कोकणात सीएनजी घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा.

त्यात मे महिना आणि गणपती. चाकरमानी उतरले की रांग पंपाबाहेर रस्त्यावर येते. ऊन डोक्यावर, गाडी बंद, माणसं खाली उतरवलेली, आणि नंबर लागला की पोरगा सांगतो, "दादा, प्रेशर नाय, टँकर संध्याकाळी येतोय." मग पेट्रोलवर परत. तो खर्च सीएनजीच्या खात्यात कोणी धरत नाही, मी धरतो.

पहिले सहा-सात महिने मी जवळपास चिडूनच होतो. नंतर सवय बदलली. बायकोची बँक रत्नागिरीतच, आठवड्यातून दोनदा तरी मी तिला सोडायला जातो, तेव्हाच सिलिंडर भरून घ्यायचा. गॅससाठी म्हणून वेगळी फेरी नाही. लगेच खर्च ३ रुपये ६८ पैशांच्या जवळ आला आणि गाडीबद्दलचं माझं मतही नरमलं. सकाळी साडेसहाला पंपावर गेलं तर प्रेशरही पूर्ण मिळतं. त्यामुळे आज मी हिला वाईट म्हणणार नाही. चालते छान, आवाज नाही, सपाटीला गॅसवर आहे की पेट्रोलवर हे कळतही नाही. चढाला एसी लावून चार माणसं असली की मात्र दम लागतो, तेव्हा बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची.

डिकीचं काय सांगू. सिलिंडरपुढे आंब्याची एक पेटी जेमतेम आडवी बसते. पुण्याला बहिणीकडे जाताना पेट्या, नारळ, तांदूळ सगळं मागच्या सीटवर, आणि माणसं कमी न्यायची. दोन छोट्या सिलिंडरच्या गाड्या आल्यात, त्यांत डिकी बरीच मोकळी राहते. ज्याच्या घरात कलमं आहेत त्याने त्याच बघाव्यात. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी), तो खर्च वेगळा.

बरेच जण चालती गाडी काढून मायलेजवाली घ्यायला निघतात, त्यांच्यासाठी हा आकडा. जुनी लिटरला १५ देत असेल तर महिन्याच्या ८०० किलोमीटरला पेट्रोल ५,६०० रुपयांचं. सीएनजीवर तेच २,९५० च्या आसपास. वाचले २,६५०. नव्या गाडीसाठी ६ लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं धरा: हप्ता साडेबारा हजारांच्या जवळ. विम्याचा वाढीव हप्ता अजून यात धरलेलाच नाही. आणि मायलेज वाढलं की बचत त्याच प्रमाणात वाढते असंही नाही. १२ ची १६ झाली तर हजार किलोमीटरला २१ लिटर वाचतात, २० ची २४ झाली तर जेमतेम ८. आधीच बरी देणारी गाडी बदलून हाती फार काही लागत नाही.

माझा मेव्हणा गेल्या महिन्यात बुकिंगला निघाला होता. त्याची जुनी पेट्रोल लिटरला १७ देते आणि महिन्याला ४०० च्या पुढे जात नाही. वहीत तीन महिन्यांचं पेट्रोल लिहून बघितलं, आणि सध्या चार नवे टायर टाकून तीच चालवायचं ठरलंय.