पायथॉनचं ‘इंट’: हिशेबाला चोख, ०२० ला घातक

पाचपैकी चार तारे. पेठेतल्या दुकानाची ग्राहकयादी सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीतून) वाचायला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सोयीची, पण फाइलमधून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. मजकुराचा पूर्णांक करणारा ‘इंट’ ओळीशेवटचा न्यूलाइन (नव्या ओळीचं न दिसणारं चिन्ह) आणि मोकळी जागा स्वतःच झटकतो. देवनागरी ‘४५०’ सुद्धा बिनतक्रार वाचतो (हे खास आवडलं). ‘१,२५,०००’ वर मात्र व्हॅल्यूएरर, म्हणजे ‘हा मजकूर आकडा नाही’ अशी तक्रार. आधी ‘रिप्लेस’ने स्वल्पविराम काढा. रिकाम्या रकान्यावरही तोच एरर.

खरी गोम पुण्याच्या ०२० या एसटीडी कोडमध्ये. इंट केलं की उरतात २०! फोन नंबरांची बेरीज कोणी करत नाही, ते स्ट्रिंगच ठेवा.

फाइलमध्ये लिहिताना ‘राइट’ला थेट आकडा दिला तर टाइपएरर, म्हणजे ‘स्ट्रिंग हवी होती’ अशी तक्रार. ‘एसटीआर’ने आकड्याची स्ट्रिंग करून न्यूलाइनही जोडा, नाहीतर ४५० आणि ६० चिकटून ४५०६० होतात.