मोतीबिंदूची लेन्स: मोनोफोकल की मल्टिफोकल?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवतात. ती सहसा जन्मभराची, म्हणून निवड घाईत नको.

मोनोफोकल एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवते. बहुतेक जण लांबचं निवडतात. मग पेपर वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच. मल्टिफोकलमध्ये लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसावं म्हणून प्रकाश विभागला जातो. चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, मंद उजेडात पायरीची कडाही पुसट वाटते. शिवाय ती बरीच महाग.

रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आणि काचबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार असणाऱ्यांनी मोनोफोकलच घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. मधुमेह असेल तर लेन्स ठरवण्याआधी पडदा तपासून घ्याच.