एका रजिस्ट्रीतून दुसरीत: आयपीव्ही४ पत्त्यांच्या हस्तांतरण सेवेचे परीक्षण

नेटवर्क चालवणाऱ्या संस्थांना आज एका सेवेवाचून गत्यंतर उरलेले नाही, ती म्हणजे एका प्रादेशिक रजिस्ट्रीच्या (आपल्या प्रदेशातील इंटरनेट पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीतले आयपीव्ही४ पत्ते, म्हणजे इंटरनेटवरील उपकरणांचे जुन्या पद्धतीचे अंकी पत्ते, दुसऱ्या प्रदेशाच्या रजिस्ट्रीकडे वर्ग करण्याची सेवा. आयानाने, म्हणजे जगभरच्या पत्त्यांचा मूळ साठा सांभाळणाऱ्या संस्थेने, ३ फेब्रुवारी २०११ रोजी आपल्याजवळचे शेवटचे पाच /८ ब्लॉक (तिरप्या रेषेपुढचा आकडा जितका लहान, तितका ब्लॉक मोठा) पाचही रजिस्ट्र्यांना वाटून टाकले. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या एरिनचा आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोप व पश्चिम आशिया सांभाळणाऱ्या राइप एनसीसीचा मोकळा साठा संपला. त्यामुळे ज्याला मोठ्या संख्येने पत्ते हवे असतात त्याला ते आधीच्या धारकाकडूनच घ्यावे लागतात, आणि तो धारक बहुधा दुसऱ्या खंडात असतो. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात मोठमोठे ब्लॉक अमेरिकेतील विद्यापीठे, कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या वाट्याला आले. एकट्या /८ मध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते असतात. मागणी मात्र पुढे आशियात आणि युरोपात वाढली. ही तफावत भरून काढण्याचे काम रजिस्ट्र्यांच्या हस्तांतरण-धोरणांकडे आले आहे आणि माझ्या मते ती ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे करत आहेत.

रजिस्ट्री पत्ते विकत नाही, किंमत ठरवत नाही आणि पैशांच्या देवाणघेवाणीतही पडत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. नॉर्टेल कंपनीच्या दिवाळखोरीत २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना, म्हणजे पत्त्यामागे सुमारे ११.२५ डॉलर देऊन घेतले. तो आकडा लोकांना कळला तो न्यायालयातल्या कागदपत्रांमुळे, रजिस्ट्रीमुळे नव्हे. रजिस्ट्रीचे काम एवढेच की हा पत्त्यांचा ब्लॉक आजपासून कोणाच्या नावावर आहे याची नोंद अचूक आणि निर्विवाद असावी. परीक्षण करताना मी तीच कसोटी लावतो.

या कसोटीवर पहिला टप्पा चांगला उतरतो. देणारा आपल्या रजिस्ट्रीकडे अर्ज करतो आणि ती रजिस्ट्री तो खरा धारक आहे की नाही हे तपासते. जुन्या ब्लॉकांच्या बाबतीत ही तपासणी दिसते तितकी सोपी नसते. मूळ कंपनी कधीच दुसरीत विलीन झालेली असते, नाव दोनदा बदललेले असते आणि नोंदीतला ईमेल पत्ता वर्षानुवर्षे बंद असतो. अशा वेळी विलीनीकरणाचे दस्तऐवज एकेक करून मागितले जातात आणि साखळीतला एक दुवा जरी सापडला नाही तरी काम थांबते. घेणाऱ्याला हा वेळ जाचक वाटतो, पण सोडून दिलेले ब्लॉक बनावट कागदांच्या आधारे बळकावण्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणून या टप्प्यावरची कडक तपासणी मला सेवेची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

दुसऱ्या टप्प्यावर घेणाऱ्याची रजिस्ट्री गरज तपासते आणि धोरणांमधला फरक येथेच ठळकपणे जाणवतो. एरिनने २०१२ मध्ये प्रदेशाबाहेरील हस्तांतरणाला परवानगी दिली ती समोरच्या रजिस्ट्रीचे धोरणही परस्परांना लागू पडणारे आणि गरजेवर आधारित असावे या अटीवर. राइपच्या प्रदेशात अंतर्गत हस्तांतरणाला गरज दाखवावी लागत नाही. तरीही ही अट पूर्ण व्हावी म्हणून तेथील समुदायाने गरजेची अट असलेल्या प्रदेशांतून येणाऱ्या पत्त्यांसाठी, किमान निम्मे पत्ते पाच वर्षांत वापरण्याची योजना सादर करावी, असा नियम स्वीकारला. उलट दिशेने, म्हणजे पत्ते एरिनकडे येत असतील, तर निम्म्या वापराची हीच कल्पना २४ महिन्यांत सिद्ध करावी लागते. आशिया-प्रशांत प्रदेशाची एपनिकही २४ महिन्यांची गरज विचारते.

गरजेची अट मुळातच काढून टाकावी, असे म्हणणारे अनेक जण आहेत. मला ते पटत नाही, कारण अट गेल्यास पत्ते केवळ साठवून ठेवण्यासाठी घेणाऱ्यांना रान मोकळे मिळेल. मुदतीच्या बाबतीत मात्र राइपची पाच वर्षे मला अधिक वास्तववादी वाटतात. दोन वर्षांच्या मुदतीत बसवण्यासाठी नेटवर्कचे नियोजन करणारा माणूस एकतर वाढीचे अंदाज फुगवतो किंवा गरज तुकड्यातुकड्यांनी भागवतो. आज /२२, पुढच्या वर्षी आणखी एक /२३, असे करत गेल्याने एकाच नेटवर्कचे पत्ते विखुरतात आणि जगभरच्या राउटरांमधील मार्गांच्या यादीत विनाकारण भर पडते. साठेबाजीला आळा घालण्यासाठी पुनर्विक्रीवरील बंदी अधिक उपयोगी आहे आणि ती ठिकठिकाणी आहेच: राइपमध्ये मिळालेले पत्ते २४ महिने पुढे देता येत नाहीत, एरिनमध्ये पत्ते घेतल्यापासून १२ महिने देणारा होता येत नाही, आणि एपनिकने १०३/८ या आपल्या शेवटच्या ब्लॉकमधून दिलेल्या पत्त्यांना पाच वर्षांचे बंधन घातले आहे.

लॅटिन अमेरिकेची लॅकनिक २०२० मध्ये या व्यवस्थेत आली. आफ्रिकेची ॲफ्रिनिक अजूनही बाहेर आहे आणि ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे. तेथे प्रदेशांतर्गत हस्तांतरण होते, पण प्रदेशाबाहेर जाणाऱ्या वा बाहेरून येणाऱ्या पत्त्यांसाठी लागू झालेले धोरण नाही. आपल्या वाट्याचे मर्यादित पत्ते जास्त पैसे देणाऱ्यांकडे वाहून जातील ही तेथील लोकांची भीती निराधार म्हणता येणार नाही. पण दार बंद असल्यामुळे आफ्रिकेतील एखाद्या वाढत्या नेटवर्कला बाहेरून पत्ते विकत आणण्याचा सरळ मार्गही राहत नाही. त्यात मॉरिशसमधील न्यायालयीन वादांमुळे २०२३ मध्ये त्या रजिस्ट्रीवर रिसीव्हर (न्यायालयाने नेमलेला कारभारी) नेमण्याची वेळ आली आणि धोरणाची चर्चा आणखी मागे पडली. निदान आत येणाऱ्या पत्त्यांना तरी वाट मोकळी करावी, असे मला मनापासून वाटते.

सेवेची खरी परीक्षा होते ती नोंद बदलण्याच्या क्षणी, आणि याच ठिकाणी ती ग्राहकाला फार एकटे सोडते. पत्ते देणाऱ्याच्या रजिस्ट्रीच्या प्रमाणपत्रातून ब्लॉक वगळला जातो, त्यासोबत त्याचे आरओएही जातात. (आरओए म्हणजे हे पत्ते कोणते नेटवर्क जाहीर करू शकते हे सांगणारा, आरपीकेआय या प्रमाणपत्र-व्यवस्थेतला सही केलेला दाखला.) घेणाऱ्याने नव्या रजिस्ट्रीत आरओए तयार करेपर्यंत त्याचा मार्ग पडताळणीत ‘अज्ञात’ दिसतो. बहुतेक नेटवर्क असा मार्ग स्वीकारत असल्याने सेवा सहसा बंद पडत नाही, पण त्या काळात चुकीच्या घोषणेपासून संरक्षण नसते. देणाऱ्याकडेही लक्ष द्यावे लागते: त्याने संपूर्ण /१६ साठी एकच आरओए केले असेल आणि त्यातला /२२ विकला असेल, तर प्रमाणपत्रात नसलेले पत्ते आरओएत राहू शकत नाहीत, म्हणून उरलेल्या पत्त्यांसाठी त्याला नवे आरओए करावे लागतात. हे अगोदर कोणी बजावून सांगत नाही.

रिव्हर्स डीएनएसचे, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधून देणाऱ्या व्यवस्थेचे, तसेच आहे. आमच्या नेटवर्ककडे आलेल्या एका /२२ ब्लॉकसाठी चार वेगवेगळ्या /२४ झोनची (नावांच्या यादीच्या भागांची) नोंद नव्या रजिस्ट्रीत करायची होती. त्यातल्या एकाचे नेमसर्व्हर (नावे सांगणारे सर्व्हर) झोन तयार नसतानाच नोंदवले गेले आणि त्या २५६ पत्त्यांतून निघणारे ईमेल अनेक सर्व्हरांनी नाकारले. कारण सापडेपर्यंत तक्रारी येतच राहिल्या. भौगोलिक स्थान सांगणाऱ्या खासगी डेटाबेसांत तर जुना देश पुष्कळ दिवस दिसत राहतो, आणि तो बदलून घेणे रजिस्ट्रीच्या हातात नसते. ब्लॉक पूर्वी स्पॅमसाठी वापरला गेला होता का, काळ्या यादीत आहे का, हेही रजिस्ट्री पाहत नाही; पैसे देण्यापूर्वी ते घेणाऱ्यानेच पाहावे.

पारदर्शकतेच्या बाबतीत मात्र मन भरून समाधान वाटते. कोणता ब्लॉक, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या तारखेला गेला याची नोंद रजिस्ट्र्या सर्वांसाठी खुली ठेवतात आणि ती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात असते. नव्याने घेतलेल्या ब्लॉकचा पूर्वेतिहास तपासताना मी प्रथम तीच उघडतो.

ज्यांना पुढील दोन-तीन वर्षांत निश्चितपणे वापरात येतील इतके पत्ते हवे आहेत आणि देणारा दुसऱ्या प्रदेशात आहे, त्यांनी ही सेवा निर्धास्तपणे वापरावी. फक्त व्यवहार ठरण्यापूर्वीच आपल्या रजिस्ट्रीकडून गरजेची पूर्वमंजुरी मिळवून ठेवावी, म्हणजे नंतरचा खोळंबा टळतो. रजिस्ट्र्यांकडे माझी मागणी एकच आहे: हस्तांतरणाची नेमकी वेळ दोन्ही पक्षांना आगाऊ कळवावी आणि घेणाऱ्याला त्याचे आरओए व रिव्हर्स डीएनएस आधीच भरून ठेवू द्यावे, जेणेकरून नोंद बदलताच तेही लागू होतील.