उघडे काँक्रीट: राहत्या घराला आणि देवळाच्या सभामंडपाला

कापसाचे दोन पैसे हाती राहिले की गावात दोन बांधकामे निघतात, एक स्वतःचे घर आणि दुसरे देवळाचा सभामंडप. अलीकडे शहरात शिकून आलेली मुले दोन्हींसाठी एकच आग्रह धरतात, की प्लास्टर नको, रंग नको, सेंट्रिंग, म्हणजे ओतकामाचा साचा, काढल्यावर काँक्रीट जसे निघेल तसेच ठेवायचे. या धाटणीला ब्रूटलिस्ट म्हणतात. तिचा क्रौर्याशी संबंध नाही. ‘बेताँ ब्रूत’ म्हणजे कच्चे काँक्रीट, या फ्रेंच शब्दांवरून ते नाव पडले. माझे मत असे, की सभामंडपाला ती शोभते आणि परवडते. राहत्या घरात मात्र छपराची वेगळी सोय केल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

घराचा प्रश्न मुख्यतः उन्हाचा आहे. काँक्रीटची उष्णतावाहकता विटेच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे दिवसभर तापलेली पातळ भिंत संध्याकाळनंतर ती उष्णता खोलीत सोडत राहते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी चुलत भावाने पश्चिमेची भिंत सहा इंची उघड्या काँक्रीटची केली आहे. मे महिन्यात रात्री अकराला तिला तळहात लावून पाहिला, तर नुकतीच भाकर उतरवलेल्या तव्यासारखी लागली. कूलर चालू असूनही सगळ्यांच्या खाटा शेवटी अंगणात आल्या. शेजारच्या जुन्या धाब्याच्या घरात म्हातारी माणसे मात्र दुपारीसुद्धा निवांत झोपतात, कारण त्यांच्या डोक्यावर मातीचा जाड थर आहे.

ही गोष्ट ल कॉर्बुझिए या वास्तुकाराला अहमदाबादेत कळली होती, असे त्याची 1950 च्या दशकातली दोन घरे पाहून वाटते. शोधन यांच्या घरात काँक्रीट उघडे आहे, पण सर्वांत वर छत्रीसारखे दुसरे छप्पर उभे करून खालच्या गच्चीवर सावली धरली आहे. साराभाई यांच्या घरात विटेच्या भिंतींवर ठेंगण्या कमानींचे छप्पर असून त्यावर माती आणि हिरवळ आहे, म्हणजे जवळपास आपले धाबेच. पुदुच्चेरीतील अरविंद आश्रमाच्या गोलकोंडे या निवासात तर त्याच्याही आधी स्लॅबवर काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचे दुसरे आच्छादन घालून मध्ये हवा खेळती ठेवली होती. या इमारतींची छायाचित्रे मुले मोबाइलवर दाखवतात, परंतु त्यांत भिंतीचा पोत दिसतो, वरचे दुहेरी छप्पर दिसत नाही. घरासाठी उसनवारी करायचीच असेल तर त्या छपराची करावी. भिंती विटेच्या ठेवून प्लास्टर करावे, आणि काँक्रीटची हौस छज्जे व ओट्याच्या खांबांवर भागवावी.

सभामंडपाचे गणित निराळे आहे. तेथे माणसे काकड्याला पहाटे आणि हरिपाठाला संध्याकाळी जमतात, दुपारी फारसे कोणी नसते, आणि तीन बाजू मोकळ्या ठेवता येतात. शिवाय दर चार-पाच वर्षांनी रंगासाठी वर्गणी मागत हिंडण्याचा त्रास वाचतो. देवळाला उघडी भिंत कशी चालेल, असे जुनी मंडळी विचारतात, पण लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात दगड उघडाच आहे आणि कोणाची श्रद्धा त्यामुळे कमी झालेली नाही. (अशा काळ्या दगडाला ऑइलपेंट फासणारी समिती हा वेगळाच विषय आहे.) दादरच्या साल्व्हेशन चर्चमध्ये वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी काँक्रीटच्या उंच छपरांमधून उजेड आत उतरवला, जपानमधील इबाराकी येथे वास्तुकार तादाओ अंदो यांनी 1989 च्या चर्चमध्ये उघड्या काँक्रीटच्या भिंतीत क्रुसाच्या आकाराची फट ठेवली. तिसरा मार्ग नागपूरच्या दीक्षाभूमीसारखा दगड बाहेरून चढवण्याचा, पण तो खर्च गावाला झेपत नाही.

तरीही सभामंडपाला एक धोका आहेच, आणि तो घरापेक्षा मोठा आहे, कारण उघड्या काँक्रीटमध्ये चूक झाकता येत नाही. आमच्या मंडपाच्या एका कॉलमच्या वेळी ओले काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर मध्येच बंद पडला आणि मजुरांनी सळईने कोचून काम भागवले. प्लेटा उघडल्या तेव्हा कमरेच्या उंचीवर गिट्टीचा पोकळ पट्टा दिसला. ठेकेदाराने सिमेंटचा घोळ लावून तो बुजवला, पण ते ठिगळ आजही वेगळ्या रंगाचे दिसते. म्हणून सेंट्रिंगला वाकलेल्या जुन्या लोखंडी प्लेटा न वापरता नवी प्लाय घ्यावी. प्लास्टरचे वाचलेले बरेचसे पैसे तिथेच जातील, हे समितीने आधीच मान्य करावे. कॉलमच्या सळईवर 40 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, राहील असे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर धरणारे ठोकळे) मोजून लावावेत, नाहीतर काही वर्षांत गंजाचे ओघळ उतरतात. कोरड्या, उष्ण हवेत निदान 10 दिवस पाणी मारणे आवश्यक असल्याने हे काम दिवाळीनंतर काढावे, उन्हाळ्यात टँकरच्या भरवशावर नव्हे. काळ्या जमिनीतला पाया ही दोन्ही बांधकामांची सारखीच काळजी आहे आणि तिथे अभियंत्याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

करार करण्यापूर्वी ठेकेदाराकडून देवळामागे तीन फूट लांब, तीन फूट उंच भिंतीचा नमुना ओतून घ्यावा, त्याच प्लायमध्ये आणि त्याच रेती-गिट्टीत. तो उघडल्यावर समितीतल्या सर्वांनी उन्हात उभे राहून पाहावा, आणि जो कोपरा पसंत पडला असेल त्यावर खडूने खूण करून त्याचा फोटो करारपत्राला जोडावा.