उठावशिल्प, व्यक्तिशिल्प की अर्ध्या मापाची मानवाकृती?

पहिल्या स्वतंत्र शिल्पाचा प्रकार आणि माप ठरवण्याआधी एक हिशेब पक्का करून घ्या: उंची दुप्पट केली की माती आठपट लागते. खऱ्या मापाच्या उभ्या माणसाला 100 किलोच्या वर शाडू जाते, तर अर्ध्या मापाला 15-16 किलोत काम होतं. या आकड्यामुळेच बरेच विद्यार्थी अर्ध्या मापाकडे वळतात. पण सहा-सात आठवडेच हाताशी असतील, तर सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

85 सेंटिमीटरच्या आकृतीत बोटाची जाडी जेमतेम 8 मिलिमीटर येते. आत तार घातली की तिच्यावर माती उरते ती पापुद्र्याएवढी. ही माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, म्हणून भेग बरोबर तारेवरच उमटते. सगळा भार घोट्यांवर येत असल्याने आर्मेचरचा, म्हणजे मातीच्या आतल्या सांगाड्याचा, लोखंडी आधार पाठीमागून कमरेत घ्यावा लागतो, आणि एकदा तो बसला की पोझ फारशी हलवता येत नाही. मातीवरून साचा घेऊन प्लास्टरमध्ये ओतलं तरी पहिला तुटतो तो घोटाच. ओतण्यापूर्वी पायात 6 मिलिमीटरची सळई घाला, तिला आधी शेलॅक (लाखेचं रोगण) लावा, नाहीतर गंजाचा डाग वर येतो. हात वेगळे काढून ओता.

खऱ्या मापाच्या डोक्याचं व्यक्तिशिल्प खांद्यांसह 30-40 किलो माती खातं, तरीही पहिल्या स्वतंत्र कामासाठी आम्ही तेच सुचवू. कॅलिपरने (अंतर मोजायच्या दोन पायांच्या चिमट्याने) मॉडेलवर घेतलेलं माप थेट मातीवर लावता येतं, रूपांतराची भानगड नाही. कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर चुकलं, तर ते तिथल्या तिथे कळतं. पाऊण माप मात्र टाळा, चेहरा आक्रसल्यासारखा दिसतो. बदलायचंच तर सव्वापट करा. आर्मेचर कपाळाच्या आणि मानेच्या मागच्या पृष्ठभागापासून निदान 2-3 सेंटिमीटर आत हवं. डोक्यातली माती खाली सरकू नये म्हणून तारेला लाकडी फुल्या टांगा.

वेस्ट मोल्डच्या, म्हणजे एकदाच वापरून फोडायच्या प्लास्टरच्या साच्याच्या, पहिल्या थरात नीळ किंवा गेरू मिसळा. साचा फोडताना रंग दिसला की छिन्नीचा हात हलका करायचा, कारण त्याखाली तुमचं शिल्प आहे.

चित्रकला पक्की असेल तर उठावशिल्प निवडा. 60 बाय 45 सेंटिमीटरला, सरासरी 5 सेंटिमीटर जाडी धरली, तर साधारण 25 किलो माती लागते. 18 मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायवर खिळे ठोकून त्यांना तार गुंडाळा, नाहीतर उभ्या पाटावरून माती घसरते. कडा आतून कोरल्या नाहीत तर साचा एकाच तुकड्यात निघतो. अडचण खोलीची आहे: पुढचा हात आणि मागची भिंत अवघ्या काही सेंटिमीटरांत बसवायची असतात. काम बाजूने येणाऱ्या उजेडातच करा. समोरच्या ट्यूबलाइटखाली सगळे उठाव सपाट दिसतात.

आणि विषय देहाच्या वळणातच असेल, चेहऱ्यात नसेल, तर मात्र अर्ध्या मापाचं धाडस करा; एका पायावर तोललेली आकृती व्यक्तिशिल्पातून सांगता येत नाही. विषयाला उभी पोझ लागतच नसेल, तर बसलेली घ्या, घोट्यांचा प्रश्न सुटतो.

ठरत नसेल तर तिन्हींची 20 सेंटिमीटरची कच्ची प्रतिकृती प्लॅस्टिसिनमध्ये (न सुकणाऱ्या तेलकट मातीत) करा, एकेक संध्याकाळ पुरते. मग निवडलेल्या मापाचा पुठ्ठा कापून जिथे शिल्प ठेवायचं तिथे उभा करा आणि तीन मीटरवरून बघा. स्टुडिओच्या दाराची रुंदीही त्याच वेळी मोजा. ओतकामासाठी शेवटचे दहा दिवस राखून ठेवा.