स्टँडवरची ‘महिलांसाठी’ पुस्तकं: घेण्याआधी काय पाहावं

यवतमाळ-वाशिमकडच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर पुस्तकांचा स्टॉल असला की त्यात हा कप्पा बहुधा असतोच: आत्मविश्वास वाढवा, संसार सुखाचा करा, पहाटे उठा. बरीचशी इंग्रजीवरून केलेली, किंमत दीडशे-अडीचशे. निंदणाची जवळपास एका दिवसाची मजुरी जाते, तेव्हा पारखून घेतलेलं बरं.

पहाटे पाचला उठायला सांगणारी सरळ ठेवून द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई त्याच्या आधीच उठलेली असते. पाणी, सैपाक, डबे उरकून वावरात. ‘स्वतःसाठी एक तास’ काढायचा तर तेवढा वेळ चूल कोणी सांभाळायची, हे या पुस्तकांत कुठंच नसतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषाची ९७. ही तफावत बाईनं अजून लवकर उठून कशी भरायची?

‘नवरा-बायकोचे स्वभावच वेगळे’ सांगणारी जास्त खपतात, आणि नुकसानही तीच जास्त करतात. त्यांचा हिशेब असा: पुरुष चिडतो तो निसर्ग, बाई बोलते ती सवय, म्हणून बदलायचं तिनंच. डवरणी-फवारणी गड्याची, निंदण-वेचणी बाईची आणि मजुरी तिचीच कमी, हे काय स्वभावातून आलं? मारहाणीला ‘संवाद कमी पडला’ म्हणणारं प्रकरण दिसलं तर पुस्तक तिथंच मिटा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि १८१ ही हेल्पलाइन ज्यात नाही, ते संसाराचं पुस्तक अर्धंच आहे.

खरं तर या पुस्तकांची ‘स्वतःसाठी’ ही भाषा बरीचशी स्त्री-चळवळीतून उचललेली. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बायका लहान लहान गटांत बसून घरातलं बोलायला लागल्या. ‘हे माझ्या एकटीचं दुखणं नाही’ हे तिथं उमगलं. पुस्तकांनी बोलणं घेतलं, गट सोडून दिला. आपल्याकडं बचत गट बसतोच, म्हणून घ्यायचंच असेल तर गटात एकच प्रत घ्या.

कामाचा निघतो तो वेळेचा तक्ता, पण पुस्तकात एकच रकाना असतो. दोन करा, तिचा आणि त्याचा. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ ओळी आखा, तीन दिवस भरा, त्यात एक बाजाराचा दिवस. रोज संध्याकाळीच लिहा, नाहीतर विसरतं. चूक ठरलेली: लेकरू सांभाळणं, पाणी भरणं ‘मधातलं’ म्हणून सुटतं. एका वेळी दोन कामं झाली तर दोन्ही लिहा. त्याच्या रकान्यात ‘वावरात’ लिहिलेल्या तासांतली पानटपरी वेगळी काढायची, तिथंच भांडण होते!

पैशाची पुस्तकं त्यातल्या त्यात बरी. तरी ‘बचत करा’ सांगताना खात्याला मोबाईल नंबर कोणाचा जोडलाय, हे विचारत नाहीत. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येत असेल तर ते खातं नावापुरतंच तिचं. नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, दोघांचं नाव लावता येतं, त्यावरही ओळ नसते. भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी वाचून, विचारून घ्या. एकदा नोंदलं की ते फिरवणं फार अवघड. ‘नाती जपा’ या प्रकरणात नेमकं हेच गाळलेलं असतं.

या कप्प्यात हवं होतं ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२ सालचं. बाईनं कसं सुधारावं याच्या सूचना त्यात नाहीत; जे दोष बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय, असा पुरुषांनाच जाब आहे. भाषा जुनी, वाक्यं लांब. मोठ्यानं वाचलं की उलगडतं.

आणि छपाई पाहून घ्या. अक्षर पुसट, पानं तिरकी कापलेली, मधातली पानं गायब असली तर प्रत नकली समजा. छापील किमतीला तर मुळीच घेऊ नका.